रिटायर्ड ऑफिसरचा ताप

प्रिय ईरा आणि निषाद,

परवा व्हिडिओ कॉलवर तुमचे बाबा चहा घ्यायला उठले, तेव्हा ईरा, तू स्क्रीनच्या अगदी जवळ आलीस आणि हळू आवाजात विचारलंस, "आजी, आबांना कुणी मुद्दाम मारलं का?" मला आधी काही कळलंच नाही. मग तू सांगितलंस, की बाबांच्या फोनवर तुला आबांच्या आजाराचं नाव दिसलं, ते तू शोधलंस, आणि ते सापडलं शत्रूनं हल्ल्यासाठी वापरण्याजोग्या जंतूंच्या यादीत. वर अँथ्रॅक्स, वर प्लेग, आणि खाली आपल्या आबांचा ब्रुसेलोसिस. तेवढ्यात बाबा आले आणि तू शाळेतल्या नाटकाबद्दल बोलू लागलीस.

तर उत्तर असं, की नाही. आबांना कुणी मारलं नाही. बाबांनी तुम्हाला 'हार्ट' सांगितलं, तेही खोटं नाही. पण ते गोष्टीचं शेवटचं पान आहे आणि आधीची पानं तुम्हाला कुणी वाचून दाखवलेली नाहीत.

मी हे आत्ताच लिहिते आहे, कारण माझा राग अजून ताजा आहे. वर्षभर थांबले तर मी गोड लिहीन. माझ्या वयाच्या बायका गेलेल्या नवऱ्याबद्दल फार गोड लिहितात. मला ते करायचं नाही. एक मात्र आधीच सांगून ठेवते. हा मजकूर तुमच्यासाठी असला, तरी माझं बोलणं त्यांच्याशी बाकी आहे. म्हणून इथून पुढे मी त्यांच्याशीच बोलणार आहे. तुम्ही शेजारी बसून ऐका.

अहो,

सुरुवात आपल्या नांदेडमधल्या त्या तरुण डॉक्टरांच्या केबिनपासून करते, कारण मी अजून तिथेच बसलेली आहे.

दिवाळीनंतर तुमचा ताप सुरू झाला. संध्याकाळी दिवे लावायच्या सुमारास अंग तापायचं, पहाटे घामानं बनियन पिळून काढावं लागायचं, आणि सकाळी तुम्ही काही झालंच नाही अशा थाटात पेपर उघडून बसायचात. चार-आठ दिवस बरे जायचे, की पुन्हा तेच. कंबर धरली होती. खुर्चीतून उठताना टेबलाला हात टेकायचात आणि मी बघते आहे असं दिसलं, की टेबलावरचं काहीतरी शोधायचं नाटक करायचात. जेवण अर्ध्यावर आलं होतं. तुमच्या त्या घामाला ओल्या कडब्यासारखा वास यायचा. तो वास मला माहीत होता. म्हणजे नाकाला नव्हे, शब्दांनी माहीत होता. ते मी पुढे सांगते.

केबिनमध्ये डॉक्टरांनी विचारलं, "काका, आपण काय करत होता?"

"रिटायर्ड ऑफिसर," तुम्ही म्हणालात. "क्लास वन."

मी म्हणाले, "पशुवैद्यकीय अधिकारी. आणि रिटायर झाले तरी अजून गाई-म्हशी बघायला जातात."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत. डॉक्टरांकडे बघून हसलात. "फायली तपासायचो हो. ऑफिसचं काम. हिला काय माहिती. कॉलेजात इंग्रजी शिकवत होती ती."

डॉक्टर हसले. तुम्ही दोघं हसलात. माझं बोलणं त्या हसण्याखाली गेलं ते गेलंच. त्यांनी टायफॉइड लिहिला, मलेरियाची तपासणी लिहिली आणि मला म्हणाले, "काकू, टेन्शन घेऊ नका."

ऑटोत बसल्यावर मी विचारलं, खोटं का बोललात?

"खोटं काय त्यात? फायली तपासत नव्हतो का?"

"आणि नायगावची म्हैस? ती फाइल होती?"

"हळू बोल. ऑटोवाला ऐकून राहिला."

ऑटोवाला ऐकेल म्हणून. बघा आता, हे वाक्य मला किती दिवस पुरलं आहे.

नायगावची म्हैस मुलांना माहीत नाही. तुमच्या चुलत भावाची, दत्तरावांची. पावसाळा सरताना त्यांचा फोन आला, म्हैस गाभडली आहे, दिवस भरायच्या आधीच रेडकू मेलेलं पडलं आणि जार अडकलाय, सरकारी डॉक्टर रजेवर आहे. तुम्ही सत्तरी ओलांडलेली. मी म्हणाले, दुसऱ्या कुणाला बोलवू द्या त्यांना. तुम्ही गेलात. संध्याकाळी परत आलात तेव्हा कोपरापर्यंत हात लाल होता आणि दारातच मला म्हणालात, "गरम पाणी दे. अख्खा जार निघाला, तुकडा राहिला न्हाई आत." पंचवीस वर्षांच्या पोरासारखा चेहरा झाला होता तुमचा.

"हातमोजे?"

"त्या प्लास्टिकमधून हाताला काय कळतंय?"

जार म्हणजे वार, मुलांनो. वासरू बाहेर आल्यावर जी मागून पडते ती. ती पडली नाही तर आत कुजते. आणि दिवस भरायच्या आत गर्भ पडला असेल, तर त्या वारेत हे जंतू अक्षरशः खच्चून भरलेले असतात. हे मला कुणी शिकवलं? तुम्हीच शिकवलंत. उघड्या हातानं कधी करू नका, हे तुम्ही गावोगाव सांगत फिरलात. तुमच्या नखाशेजारी कायम चिरा असायच्या, त्यांना मी रात्री खोबरेल लावायची.

आता तो वास. तुम्हाला निवृत्तीच्या आधी लातूरला एका प्रशिक्षणात याच आजारावर भाषण करायचं होतं. भाषण इंग्रजीत हवं होतं, आणि तुमचं इंग्रजी म्हणजे औषधांची नावं आणि मधे मधे 'देअरफोर'. म्हणून ते मी लिहिलं. तुम्ही मराठीत सांगायचात आणि मी लिहायची. गाभण जनावर शेवटच्या महिन्यांत गाभडतं, जार अडकतो. माणसाला कच्च्या दुधातून, पडलेल्या वारेतून होतो. ताप येतो-जातो, म्हणून रोगी म्हणतो मी बरा आहे. सांधे धरतात, कंबर धरते, मन खचतं. घामाला ओल्या कडब्याचा वास. एका औषधानं बरा होत नाही, दोन औषधं एकत्र, निदान सहा आठवडे, आणि मधे सोडली की पुन्हा उलटतो. पाठीच्या मणक्यात गेला तर टीबी वाटतो. हृदयाच्या झडपेत गेला तर मारतो. मी प्रत्येक ओळ नीट करून टाइप केली. 'खचतं' याला कुठला शब्द वापरायचा यावर आपण वादही घातला.

त्या प्रशिक्षणात मोठ्या शहरातून आलेल्या एका पाहुण्यांनी पडद्यावर चित्रं दाखवली. पांढरी पूड भरलेली पाकिटं. अंतराळात निघाल्यासारखे पोशाख घातलेली माणसं. कुठला जंतू कुठल्या वर्गातला, त्याची यादी. तुमचं भाषण जेवणानंतर होतं, खुर्च्यांवरची अर्धी मंडळी झोपलेली. घरी आल्यावर तुम्ही बूट काढता काढता म्हणालात, "प्राध्यापकीणबाई, लई भारी यादी व्हती. ज्याच्यासाठी तिकडं फौजा ठेवून राहिले, ते आपल्याकडं गोठ्याच्या मागं पडलेलं असतंय आन् कुत्रं ओढून नेतंय." आपण दोघं किती हसलो होतो. तुम्ही गंभीर झालात आणि म्हणालात, "पण पाकिटातलं आलं तर धावत येतील. गोठ्यातल्यासाठी कोणी येत न्हाई." तुमचं हे बोलणं खरं होतं. म्हणून तर मला संताप येतो. इतकं सगळं स्वच्छ माहीत असलेल्या माणसाला, केबिनमध्ये बसून एक वाक्य बोलता आलं नाही.

का आलं नाही, हे मला माहीत आहे. मुलांना माहीत नाही.

बिलोलीला तुमची बदली झाली तेव्हा आपला मिलिंद पाळण्यात होता. उन्हाळ्यात एका वाडीवर मेंढ्या मरायला लागल्या. सकाळी चरणारी मेंढी दुपारी पाय ताणून पडलेली, पोट फुगलेलं, नाकातून काळसर रक्त, आणि ते रक्त गोठत नाही. तुम्ही पोचलात तेव्हा लोक सुऱ्या-परातींसकट वाटे घालायला बसलेले. मटण वाया कसं घालवायचं. तुम्ही सरळ मेलेल्या मेंढीशेजारी मातीत फतकल मारलंत आणि म्हणालात, "आधी मला कापा, मग तिला." अख्खी दुपार वाद चालला. शेवटी खोल खड्डा, वर चुना, आणि एकही मेंढी उघडली नाही. उघडली असती, तर ते जंतू त्या रानात पुढच्या पिढीपर्यंत टिकले असते. ती फाशी होती. शहरात तिला अँथ्रॅक्स म्हणतात.

त्यातल्या एका धनगराच्या मनगटावर काळी खपली होती. भोवती टम्म सूज, आणि दुखणं मात्र अजिबात नाही. दुखत नव्हतं म्हणून त्यानं कुणाला दाखवलं नव्हतं. तुम्हाला ती दिसली आणि तुम्ही त्याला जीपमध्ये घालून थेट मोठ्या दवाखान्यात नेलंत. तिथल्या डॉक्टरांना सांगितलंत, ही फाशीची खपली आहे, कापू नका, पेनिसिलिन सुरू करा.

त्या डॉक्टरांच्या भोवती शिकाऊ पोरं उभी होती. ते त्यांच्याकडे बघून म्हणाले, "ढोरांचे डॉक्टर आता माणसं तपासायला लागले. मग आपण काय, म्हशी धुवायला जायचं?" पोरं हसली. तुमच्या बुटाला शेण होतं. तुम्ही मला हे सांगितलंत तेव्हा बुटाचं दोनदा सांगितलंत.

त्यांनी खपली कापली. त्यातून पू निघाला नाही. दुसऱ्या दिवशी कुणी ज्येष्ठ डॉक्टर फेरीला आले, त्यांनी पेनिसिलिन लावलं, धनगर वाचला. दवाखान्यातून तुम्हाला कुणी कळवलं नाही. महिन्याभरानं तो धनगरच बाजारात भेटला आणि मनगट दाखवून म्हणाला, "साहेब, ह्ये बघा, गेली खपली."

माझ्या वडिलांनीही लग्नाच्या वेळी तोच शब्द वापरला होता. लातूरच्या आमच्या घरात माझ्या देखत म्हणाले, "इंग्रजीत एम. ए. केलं पोरीनं, आणि ढोरांचा डॉक्टर गाठला." तो तुम्ही हसण्यावारी नेलात. आमच्या घरी पहिल्यांदा आलात तेव्हा त्यांच्या गाईला तपासून, "हिला मीठ कमी पडून राहिलं, मामा," म्हणालात, आणि ते तुमच्यावर खूश झाले. तेव्हा तुम्हाला लागलं नाही. बिलोलीनंतर लागलं. त्यानंतर लग्नात, प्रवासात, बँकेत कुणी विचारलं, की तुम्ही 'ऑफिसर' व्हायचात. मिलिंदनं शाळेत वडिलांचा व्यवसाय 'सरकारी अधिकारी' लिहिला, तो तुम्हीच सांगितलेला. आता तो परदेशात तेच सांगतो, तर मी त्याच्यावर तरी किती रागवायचं?

पण राग येतो. तुम्ही बरोबर होतात ना? खपली बरोबर ओळखलीत, औषध बरोबर सांगितलंत, माणूस वाचला. ज्याला लाज वाटायला हवी होती तो दुसराच. त्याची लाज उचलून घरी आणायची तुम्हाला काय गरज होती? आणि आणलीत ती आणलीत, आयुष्यभर सांभाळलीत. मला कधी हात लावू दिला नाहीत तिला.

टायफॉइडचं औषध झालं. ताप थोडा उतरला आणि परत आला. मग कंबरेचा एमआरआय. मणक्यात खराबी निघाली आणि डॉक्टरांनी टीबी सांगितला. मी त्या दिवशी तुम्हाला न सांगता एकटी त्यांच्याकडे गेले. म्हणाले, हा ब्रुसेलोसिस असू शकतो, रक्त तपासा. ते चांगले आहेत हो, उर्मट नाहीत. पण दमलेले होते. म्हणाले, "काकू, इंटरनेटवर वाचू नका. काकांचा जनावरांशी संबंध नव्हता ना? त्यांनीच सांगितलं मला." मी म्हणाले, ते खोटं सांगतात. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की घरातल्या भांडणात पडायची त्यांना इच्छा नाही.

आणि मग टीबीच्या गोळ्यांनी तुम्हाला बरं वाटलं. ही सगळ्यात वाईट गोष्ट झाली. टीबीच्या गोळ्यांतली एक गोळी या जंतूवरही थोडी चालते. मी ते स्वतः टाइप केलं होतं, तरी तुमचा रंग परत आलेला बघून मलाही वाटलं, देवा, असू दे टीबीच. तुम्ही तर काय, पोह्यांची दुसरी बशी मागून घेतलीत आणि म्हणालात, "प्राध्यापकीणबाई हरल्या."

"हरले," मी म्हणाले. मनापासून म्हणाले.

पुढे गोळ्यांनी कावीळ झाली, गोळ्या थांबवल्या, आणि ताप परत आला तो दम घेऊन आला. दोन जिने चढणारा माणूस उंबऱ्यावर थांबायला लागला. म्हणून लातूरला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. तुमचा एक गुण मला तेव्हा आठवला. वासराच्या छातीला नळी लावण्याआधी तुम्ही ती तळहातात धरून गरम करायचात, त्याला गार लागू नये म्हणून. एकदा मला धाप लागली होती, तेव्हा माझ्यासाठीही केली होतीत. त्या बाईंनी केली नाही, आणि तुम्ही शहारलात.

झडपेवर जंतूंचा गोळा बसला होता. रक्त तपासायला घेतलं. काही दिवसांनी बाई खोलीत आल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "काका, रक्तात ब्रुसेला वाढलाय. गाई-म्हशींचा संबंध आला होता का कधी?"

मी तोंड उघडलं नाही. ठरवून उघडलं नाही. तुमचं तुम्हीच सांगा, असं मनात म्हणाले.

तुम्ही भिंतीकडे बघत होतात. मग जे विचारलंत ते माझ्या कधीच डोक्यात आलं नसतं. "प्लेट कुणी बघितली?"

"म्हणजे?"

"रक्तातून जंतू वाढवले त्या काचेच्या बशीला प्लेट म्हणतात ना तुमच्यात. ती कुणी उघडली? उघड्या टेबलावर का बंद पेटीत? वास घेऊन बघितलं का कुणी?"

बाईंचा चेहरा बदलला. "आमची एक मुलगी आहे लॅबमध्ये. तिला माहीत नव्हतं काय आहे ते. टेबलावरच उघडली."

"तिला आजच्या आज गोळ्या सुरू करा. हा हवेतून नाकात जातोय. लॅबमधल्या माणसांना सगळ्यात आधी धरतो." आणि मग, इतक्या वर्षांनी, "मी व्हेटर्नरी डॉक्टर हाय. चाळीस वर्षं. हे आधी सांगायला पायजे व्हतं मी."

मला तुमचा अभिमान वाटला आणि त्याच क्षणी तुम्हाला थोबाडीत मारावीशी वाटली. दोन्ही खरं आहे. ती मुलगी नवीन लग्न झालेली होती, मी तिला नंतर पाहिलं. तुमच्या एका न बोललेल्या वाक्यानं तिला महिनाभर गोळ्या घ्यायला लावल्या आणि धास्तीत ठेवलं. ती बरी राहिली. तुम्ही रोज तिची चौकशी करायचात. स्वतःच्या झडपेची एकदाही नाही केली.

तुमच्या यादीवाल्या पाहुण्यांची आठवण आली तो प्रसंग त्यानंतरचा. जंतूचं नाव वर कळवावं लागतं, तसं ते कळवलं गेलं, आणि कुठल्या तरी ऑफिसमधून फोन आला. पलीकडचा तरुण आवाज छापील प्रश्न विचारत होता. "मागच्या काही महिन्यांत आपल्याकडे संशयास्पद पार्सल, पाकीट किंवा पावडर आली होती का?"

तुम्ही नाकाची नळी सरकवून माझ्या हातातून फोन घेतलात. "आलं व्हतं."

"कोणी पाठवलं होतं, सर?"

"म्हशीनं."

पलीकडे कीबोर्ड वाजला. मग तो म्हणाला, "सर, स्पेलिंग सांगता का?"

तुम्ही इतके हसलात, की सिस्टर धावत आली आणि मला रागावली. ते आपलं शेवटचं एकत्र हसणं. त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे.

तीन औषधं एकदम सुरू झाली. ताप उतरला. पण झडप खाऊन झाली होती. ऑपरेशन करायचं ठरलं, मिलिंदनं तिकीट काढलं. तो पोचण्याआधी, दुपारी, मी मोसंबी सोलत असताना, तुम्ही "बाई, जरा उठवून बसव" म्हणालात आणि बसायच्या आतच गेलात.

भेटायला माणसं आली. सगळ्यांनी सांगितलं, मोठे ऑफिसर होते. साधे होते, गर्व नव्हता. जुन्या गावातले दूधवाले सत्तारभाई तेवढे दारात चपला काढून बाहेरच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "डॉक्टरसाब गये, भाभी." त्यांना मी आत बोलावलं आणि तुमच्या खुर्चीवर बसवलं. तिथे ज्या नातेवाइकांच्या कपाळाला आठ्या पडल्या, त्या मी मोजल्या नाहीत, पण पाहिल्या.

मला तुम्हाला एक विचारायचं राहिलं आहे. त्या पहिल्या दिवशी, केबिनमध्ये, तुम्हाला मनातून माहीत होतं का? ओल्या कडब्याचा वास तुमच्याच अंगाला येत होता. तुम्ही मला तो शब्द सांगितलेला. जर माहीत होतं आणि तरी गप्प बसलात, तर मी तुम्हाला माफ करणार नाही. जर माहीत नव्हतं, तर मग तुम्ही माझ्याइतकेही चांगले विद्यार्थी नव्हतात. दोन्हीपैकी कुठलं बरं, मला ठरवता येत नाही. मिलिंद म्हणतो, "आई, आता सोड ना." त्याला मी चहा दिला.

तेराव्यानंतर मी नायगावला गेले. दत्तराव तुमच्या आठवणी काढून रडले. मी विचारलं, म्हैस कुठे आहे? ते रडायचे थांबले. म्हैस विकली होती. कुठल्या बाजारात, कुणाला, कुणी सांगेना. "वहिनी, गाभडणारं जनावर कोण ठेवतंय दावणीला?" ते म्हणाले. म्हणजे ती आता दुसऱ्या कुणाच्या तरी गोठ्यात आहे आणि तिथलं कुणीतरी तिचं धारोष्ण दूध पीत आहे. तुमचं भाषण जेवणानंतर ठेवलं नसतं तर काही फरक पडला असता का, हेही मला ठरवता येत नाही.

उठता उठता मला स्वयंपाकघरात त्यांची सून दिसली, वर्षा. भिंतीला पाठ लावून भाकरी थापत होती. मी म्हणाले, कंबर दुखते का?

"लई दिवस झाले काकू. ताप बी येतोय-जातोय. गावातला डॉक्टर सलाईन लावतोय, चार दिस बरं वाटतंय."

"त्या दिवशी गोठा कुणी साफ केला?"

"मीच की. जार बी मीच पुरला."

सासरे बाहेरून म्हणाले, "बायकांचं दुखणं हाय वहिनी. कामाचा कंटाळा."

मी तिला दुसऱ्या दिवशी नांदेडला आणलं. त्याच डॉक्टरांकडे, मुद्दाम. त्यांनी पेन उचलण्याआधीच मी बोलायला लागले. ही म्हशींचं काम करते. गाभडलेल्या म्हशीची वार हिनं उघड्या हातानं उचलली. हिच्या रक्ताच्या बाटलीवर लॅबसाठी सूचना लिहा, आणि पेटीत उघडा म्हणावं. माझे मिस्टर पशुवैद्यक होते, ते याच आजारानं गेले, आणि तुम्ही त्यांना तपासलं होतं.

त्यांनी आधी लॅबसाठीची सूचना लिहिली. मग म्हणाले, "काकू, मी विचारायला हवं होतं."

"त्यांनी सांगायला हवं होतं," मी म्हणाले. आणि उठले, कारण बाहेर रांग होती.

रक्तात तेच निघालं. दोन औषधं, सहा आठवडे. मी रोज फोन करून विचारायची, आज घेतल्या का. सुरुवातीला तिचे सासरे फोन उचलून "हाव, घेतल्या" म्हणायचे. मी त्यांना सांगितलं, फोन तिला द्या.

तुम्ही गेलात म्हणून ती वाचली, असं मला कुणीतरी म्हणेल. कुणी म्हणू नये. मला तुम्ही दोघंही हवे होतात, आणि ते अवघड नव्हतं.

वर्षाच्या गोळ्या मागच्या आठवड्यात पूर्ण झाल्या. ताप नाही. कंबर सरळ आहे. काल तिनं फोन करून सांगितलं, की सोयाबीनच्या निंदणीला ती सकाळपासून शेतात आहे.